बशीच्या कडेवरचा ठसा

संध्या कलबुर्गीला दाताच्या कॉलेजात अटेंडर आहे. गावात कुणी तिचं काम विचारलं तर आमची माणसं सांगतात, "ती तिकडं लोकांचे ओठ गोळा करती," आणि सांगून झाल्यावर हसतात. मीही हसत होतो. मी साखर कारखान्यात वजनकाट्यावर बसणारा माणूस. जे काट्यावर चढत नाही ते मला फारसं खरं वाटत नाही. शिवाय माझं डोकं लवकर तापतं, हे आमच्या घरातलं मांजरसुद्धा सांगेल. तेव्हा इथं मी स्वतःची बाजू सावरत बसणार नाही.

आमचं गाव भालकी तालुक्यातलं, उदगीरच्या रस्त्यापासून जरा आत. संध्याचे वडील तात्याराव म्हणजे गावचे जुने पोस्टमन. बौद्ध गल्लीतलं पहिलं स्लॅबचं घर त्यांचं. संध्या बारावीत असताना तिची आई वारली. त्याच वर्षी तिला या कॉलेजात नोकरी लागली आणि ती कलबुर्गीला गेली, त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. काम काय, तर काचपट्ट्या धुवायच्या, मायक्रोस्कोपवर कापड घालायचं, डॉक्टर मंडळींना चहा नेऊन द्यायचा. तात्याराव गावात एकटेच राहिले. पोरगी महिन्यातून एकदा हुमनाबादवरून बस बदलून यायची, पिठाचे डबे भरून ठेवायची आणि जायची.

सहा वर्षांपूर्वी स्नेहा नावाची बेंगळुरूची डॉक्टर मुलगी तिथं पुढचं शिकायला आली. बोटाच्या ठशावरून जसा माणूस ओळखतात तसा ओठाच्या ठशावरून ओळखता येतो का, हा तिचा अभ्यास. ओठ पुसायचे, गडद लिपस्टिकचा हलका हात फिरवायचा, त्यावर चिकटपट्टी दाबायची आणि उचलून पांढऱ्या कागदावर लावायची. हे काम करता करता संध्याची नजर तयार झाली. एकदा पंख्याच्या वाऱ्यानं दीडशे कागद खोलीभर उडाले, त्यांना लावलेल्या नंबरच्या चिठ्ठ्या निसटल्या, आणि स्नेहा मॅडम कपाळाला हात लावून बसल्या. संध्यानं भिंग घेतलं आणि दोन दिवसांत प्रत्येक कागद मॅडमच्या वहीत चिकटवलेल्या, त्याच माणसाच्या आधीच्या ठशाशी जुळवून दिला. त्यात दोन जुळ्या बहिणी होत्या, सख्ख्या आईची गफलत व्हावी अशा. त्यांचेही तिनं वेगळे काढले. मॅडमनी माणसं परत बोलावून ताळा करून बघितला. चूक एकही नव्हती.

हे ऐकून मी म्हणालो होतो, थापा आहेत. तेव्हा दिवाळीला गावी आलेल्या संध्यानं माझाच ठसा घेतला आणि भिंग माझ्या हातात दिलं.

"बघा दादा, तुमचं तुम्हीच बघा."

मी बघितलं, आणि खरं सांगतो, भिंग सोडवेना. ज्या तोंडानं मी पन्नास वर्षं लोकांना शिव्या घातल्या, त्यावर इतकं बारीक काम करून ठेवलेलं असेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. उसाला पाणी सोडल्यावर पाटातून सरीत आणि सरीतून पुढच्या सरीत पाणी जातं, तशा रेघांना रेघा फुटत गेलेल्या. कुठं दोन रेघा एकमेकींना छेदून गेलेल्या, कुठं नुसती जाळी. संध्या म्हणाली, हे आईच्या पोटातच पडतं आणि मरेपर्यंत राहतं. ओठ फुटला, उलला, तरी बरा झाल्यावर रेघा पुन्हा तशाच.

"अन् जगात दुसऱ्या कुणाचं असं न्हाई?"

"आजून तरी सापडलं न्हाई म्हणत्यात मॅडम. पण कोर्ट ह्याला बोटाच्या ठशाइतकं मानत न्हाई. मोठ्या लोकांत वाद हाय."

"मग तुला काय वाटतंय?"

"मला वाटतंय, दादा, एवढ्या कष्टानं कुणी एकच केलं असंल तर ते उगीच न्हाई."

त्या रात्री जेवताना मी बायकोच्या ओठांकडं बघत बसलो आणि बोलणी खाल्ली.

संध्याच्या हुशारीची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. स्नेहा मॅडमनी एकदा आमच्या गावच्या शाळेत शिबिर घेतलं. लिपस्टिक न लावता, नुसत्या कपावर उमटलेला ठसा पावडर टाकून उचलता येतो का, हे त्यांना बघायचं होतं. पंचवीस माणसांना कपबशीतून चहा दिला. मग एकेका कपाच्या कडेवर मऊ ब्रशनं काळी पावडर फिरवली. पंचवीस कप, एकावरही काही नाही. मॅडम म्हणाल्या, पावडर खराब निघाली. संध्या तोंडाला पदर लावून हसत होती. शेवटी म्हणाली, "मॅडम, आमची माणसं कपाला तोंड लावत न्हाईत. बशी बघा." आणि बशीच्या बाहेरच्या अंगाला, जिथं खालचा ओठ टेकतो, तिथं पंचवीस ठसे. बेंगळुरूच्या बाईला कुठून ठाऊक असणार की इकडं कप हा चहा ओतून घ्यायला असतो आणि प्यायची ती बशी!

गेल्या वर्षी माघात तात्याराव वारले. बाजाराचा दिवस होता, दुपारची वेळ, अख्खी गल्ली बाजाराला गेलेली. संध्याकाळी शेजारच्या शोभाबाई मीठ मागायला गेल्या तर ते बाजेवर आडवे, थंड पडलेले. डॉक्टर म्हणाले, हार्ट. संध्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचली. तिला रडू येत नव्हतं. येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच विचारत होती, "एकटेच होते का हो?" आणि प्रत्येक जण खाली मान घालून म्हणायचा, "एकटेच होते, बाई." सव्वीस वर्षं बापाला एकटं ठेवलं आणि मरतानाही तो एकटाच होता, हे तिच्या मनातून जाईना. तिनं अन्नाला हात लावला नाही.

मयताच्या घरात चूल पेटत नाही, जेवण शेजारून येतं. त्यामुळं घरातली भांडी तशीच पडून होती. तिसऱ्या दिवशी शोभाबाई ती घासायला उचलू लागल्या आणि संध्या एकदम ओरडली, "मावशी, हात लावू नका!" बाजेखाली दोन कप होते. दोन बशा होत्या. दोन्ही बशांच्या तळाला चहा वाळलेला.

एकट्या माणसाला दोन बशा कशाला लागतात?

तिनं बॅगेत कायम असायची ती पावडर काढली. एका बशीवर तात्यारावांचा ओठ होता. मॅडमचं काम शिकताना हात बसावा म्हणून तिनं बापाचे ठसे शंभरदा घेतले असतील, तो तिला पाठ होता. दुसऱ्या बशीवरचा ओठ वेगळ्याच कुणाचा तरी होता. कुणीतरी त्या दुपारी त्या बाजेवर बसलं होतं, तात्यारावांनी स्वतःच्या हातानं केलेला चहा प्यालं होतं. संध्या तेव्हा पहिल्यांदा रडली आणि रडून झाल्यावर भाकरी खाल्ली.

आता तिला एवढंच हवं होतं की तो माणूस भेटावा. बाबा काय बोलत होते, हसत होते की कण्हत होते, एवढं कुणी सांगावं. पण गल्लीत कुणी कबूल होईना. होणार कसं, सगळे बाजारात होते. तरी जलदान विधी झाल्यावर तिनं ओट्यावर बसून मागेल त्याचा ठसा घ्यायला सुरुवात केली. प्रत्येकाला आधी सांगायची की हा कागद कशासाठी आहे, आणि तो हो म्हणाला तरच. कागदाखाली नाव लिहायची आणि तात्यारावांशी नातं: पुतण्या, शेजारी, साडू. शिबिरातले आमच्या गावच्या पंचवीस माणसांचे ठसे कॉलेजच्या कपाटात होते. शोभाबाईंनी विचारलं, ते का नाही काढून बघत? ती म्हणाली, "ते लोकांनी अभ्यासासाठी दिल्यात, मावशी. त्यांच्या घरात डोकवायला न्हाई." मला हे कळलं तेव्हा मी तिला वेडी म्हणालो होतो. आज तसं म्हणवत नाही.

गल्लीतले सगळे ठसे झाले. एकही जुळला नाही. मग गावात कुजबुज सुरू झाली. स्टँडवरच्या हॉटेलात नागनाथनं माझ्यापुढं चहा ठेवता ठेवता हळूच सोडलं, "तानाजीअण्णा, त्यो वरल्या गल्लीतला हाय म्हणायलेत. चोरून जायलता म्हणं." आणि तो माझ्याकडं नको तितका वेळ बघत राहिला.

वरली गल्ली म्हणजे आमची, त्याचा अर्थ मला लगेच कळला. राघोबा बिरादार, म्हणजे माझे वडील, ज्यांना गाव आप्पा म्हणतं, आणि तात्याराव चौथीपर्यंत एका वर्गात होते. आप्पा आत बसायचे आणि तात्याराव दाराशी. मोठेपणी दोघं स्टँडवरच्या लिंबाखाली तासन्‌तास बोलत बसत. पण चहा ज्याचा त्याचा. आप्पा भालकीच्या हॉटेलात कुणाच्याही हातचा पितील, तिथं कोण विचारतंय. गावात मात्र अठ्ठ्याहत्तर वर्षांत त्यांनी त्या गल्लीतल्या पाण्याला तोंड लावलं नव्हतं. मयताच्या दिवशीसुद्धा ते लांब बांधावर उभे राहिले आणि तिथूनच परतले. मला हे चांगलं वाटत होतं अशातला भाग नाही. मी शिकलेला माणूस, कारखान्यात सगळ्यांच्या डब्यातलं खातो. पण नागनाथनं तसं बघितलं तेव्हा माझ्या अंगाची आग झाली, हेही खरं. शिकल्यानं काय जातं आणि काय राहतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मी तडक घरी गेलो.

"आप्पा, उठा. संध्याकडं चला. ठसा द्या."

आप्पा खाटेवर बसून वाकळेचा दोरा उसवत होते. "मला कामून?"

"लोकं तोंडाला येईल ते बोलायलेत. तुमचा ठसा जुळला न्हाई की सगळ्यांची तोंडं बंद."

"जाऊ दे, तान्या. बोलू दे लोकाला."

"जाऊ कसं द्यायचं? घराण्याचा प्रश्न हाय."

त्यांनी उसवलेला दोरा बोटाला गुंडाळून खाली ठेवला. मग म्हणाले, "तू म्हणायलास तर चल," आणि काठी घेऊन उठले.

संध्याच्या दारात दोन-चार बाया होत्या. आम्हाला बघून त्या आपणहून उठून गेल्या. संध्या म्हणाली, बाहेर ऊन आहे, आत बसा. मी उंबऱ्यावर थबकलो. आप्पा मात्र चौकटीखाली बरोबर वाकले, आत गेले आणि काठी दाराआडच्या खुंटीला अडकवली. बाहेरच्या उजेडातून आत आल्यावर मला ती खुंटी दिसलीही नव्हती. तेव्हा मला ते नुसतं खटकलं. माणसाला जे बघायचं नसतं ते त्याला दिसत नाही.

संध्यानं त्यांनाही सगळं नीट सांगितलं. बाबांच्या शेवटच्या दुपारी कोण होतं हे तिला हवंय, दुसरं काही नाही, आणि नको वाटलं तर देऊ नका. आप्पांनी नुसती मान हलवली. तिनं कापूस त्यांच्या हातात दिला, ओठ त्यांचे त्यांनाच पुसू दिले. लिपस्टिक लावलेले आप्पा बघून एरवी मला हसू आवरलं नसतं. चिकटपट्टी दाबली, उचलली, कागदावर लावली. मग तिनं बशीवरून उचललेला कागद काढला, दोन्ही शेजारी ठेवले आणि भिंग धरून वाकली.

मी तिच्या हाताकडं बघत होतो. आधी भिंग सावकाश सरकत होतं, एका कागदावरून दुसऱ्यावर, पुन्हा पहिल्यावर. मग ते एका जागी थांबलं. तिथल्या रेघा तिनं दोनदा मोजल्या. शेवटी तिनं डोकं वर केलं, माझ्याकडं बघितलं, मग आप्पांकडं, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "न्हाई जुळत."

मी सुटकेचा श्वास सोडला. "मी म्हणलो नव्हतो?" असं मोठ्यानं म्हणालो. मी उठलोसुद्धा.

आप्पा जागचे हलले नाहीत.

"नीट बघ, पोरी," ते म्हणाले. "माझाच हाय त्यो."

संध्याची मान खाली होती. "ठावं हाय, आप्पा."

"मग लबाड कामून बोललीस?"

"दादा हुबे हायत."

"हुबं राहू दे त्येला," आप्पा म्हणाले. "आयकू दे."

मग ते बोलत राहिले आणि मी उभाच राहिलो, बसायचं सुचलंच नाही. संध्याची आई गेली त्या वर्षापासून, दर बाजाराच्या दिवशी, गल्ली रिकामी झाली की ते मागच्या ओढ्याकडून येत होते. सव्वीस वर्षं. तात्याराव चहा करायचे, साखर जास्त टाकायचे. दोघं बाजेवर बसायचे. कधी जुनी पत्रं निघायची, पत्ता न लागलेली. तात्याराव वाचून दाखवायचे, आणि ती कुणाची असतील यावर दोघांचं भांडण व्हायचं. आमची सगळी दुखणी-बाणी, माझ्या लग्नाचं, माझ्या तापट डोक्याचंसुद्धा, त्या बाजेवर बोलून झालं होतं. आम्हाला घरात वाटायचं, म्हातारा शेतावर चक्कर मारायला गेलाय. स्वतःच्या बापाला मी रोज बघत होतो, त्याच्या जेवणाखाण्याच्या वेळा मला पाठ होत्या, आणि त्याच्या सव्वीस वर्षांचा मला पत्ता नव्हता. तो पत्ता एका बशीनं दिला. मी त्या चिकटपट्टीवरच्या काळ्या रेघांकडं बघितलं.

"त्या दिवशी काय बोलायलते बाबा?" संध्यानं विचारलं. तिचा आवाज लहान पोरीसारखा झाला होता.

"तुझंच. मॅडमचे उडालेले कागद तू कसे जुळवलीस, त्ये सांगायलता. दहांदा सांगितलंय त्यानं मला. हसायलता."

"दुखायलतं का त्यांना?"

आप्पांनी तोंड फिरवलं. ओठांवरचा तो लाल रंग तसाच होता आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

"छातीत जळजळ हाय म्हणला. मी म्हणलो, कुणाला बलावू का? तर म्हणला, पडतो जरा, तू जा, बाजारची माणसं यायची येळ झाली. तुला कुणी बघंल. अन् मी गेलो गं, पोरी. तुला कुणी बघंल म्हणला अन् मी गेलो. अर्धी घटका बसलो असतो तर."

संध्या खाली बसली आणि तिनं आप्पांच्या पायांवर हात ठेवला. "एकटे नव्हते ना, आप्पा. मला एवढंच पाहिजे होतं. मी नव्हते, पण तुम्ही होता."

मी आप्पांशेजारी बाजेवर बसलो. त्या घरात मी पहिल्यांदाच बसलो होतो.

थोड्या वेळानं संध्यानं डोळे पुसले आणि आप्पांच्या ठशाचा कागद उचलला. "हा मी फाडून टाकते. कुणाला कळायचं न्हाई. दादा बी सांगायचे न्हाईत."

"फाडू नको," आप्पा म्हणाले. "सगळ्यांच्या कागदावर नाव लिवलंस, माझ्या कामून न्हाई? लिव. राघोबा बिरादार. पूर्ण लिव."

तिनं लिहिलं. मग पेन तसाच धरून तिनं विचारलं, "अन् नातं काय लिहू, आप्पा?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही.

"चहाला येणारा," ते म्हणाले.

तिनं तसंच लिहिलं.